बोलणे अडते तेव्हा

एखाद्याची लबाडी उघडी पडली की तो 'त त प प' करू लागला, असे आपण म्हणतो. म्हणजे बोलताना अडखळणारा माणूस एकतर घाबरलेला असला पाहिजे, नाहीतर खोटे तरी बोलत असला पाहिजे, हा समज आपल्या रोजच्या भाषेतच मुरलेला आहे. मी मराठीचा अध्यापक. वाक्प्रचारांवर राग धरणे हा काही माझा धर्म नव्हे. परंतु या एका वाक्प्रचारात जो समज आहे, त्याच्यापायी आपल्या खेड्यापाड्यांतली कितीतरी शहाणी, प्रामाणिक मुले वर्गात मान खाली घालून बसतात. काय बोलायचे ते त्यांना पक्के ठाऊक असते. शब्द ओठांपर्यंत आलेला असतो आणि तिथेच अडतो. अशांना मदत करणारा एक जाणकार असतो. त्याला वाचोपचारतज्ज्ञ म्हणतात. दवाखान्याच्या पाटीवर 'स्पीच थेरपिस्ट' असे लिहिलेले असते. हा जाणकार कसा घडतो, त्याला काय काय शिकावे लागते आणि आपल्या बीड जिल्ह्यासारख्या मुलखात काम करायचे तर त्याच्या शिक्षणात आणखी कशाची भर घालावी लागेल, याविषयी आज मी आपल्याशी बोलणार आहे.

प्रथम शब्दांचा घोळ मिटवू. आपण 'बोबडा' आणि 'तोतरा' हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो. वास्तविक या दोन निराळ्या गोष्टी आहेत. 'राम'ला 'लाम' म्हणणारे मूल बोबडे. त्याचा अक्षराचा उच्चार बदलतो, पण बोलण्याचा ओघ थांबत नाही. तोतरेपणात अक्षर बरोबर असते, ओघ तुटतो. हा ओघ तीन तऱ्हांनी तुटतो. 'पाणी' म्हणताना 'प-प-प-पाणी' होते, ही झाली पुनरुक्ती. 'साखर' म्हणताना पहिला 'स' लांबतच जातो, ही झाली लांबण. तिसरी तऱ्हा सर्वांत त्रासाची. तीत आवाजच फुटत नाही. तोंड उघडलेले, मानेच्या शिरा ताठ, डोळे मिटलेले, आणि शब्द आत कोंडलेला. याला अडथळा म्हणावे. ऐकणाऱ्याला वाटते, याला उत्तर येत नाही. उत्तर येत असते. दार उघडत नसते.

दोन ते पाच वर्षांच्या वयात, मूल भराभर वाक्ये जुळवू लागते तेव्हा, हा प्रकार बहुधा सुरू होतो. शंभरातील पाच किंवा त्याहून काही अधिक मुले केव्हातरी असे अडखळतात. त्यांतल्या चारांपैकी तिघांचे, किंबहुना त्याहूनही अधिक मुलांचे अडखळणे पुढे आपोआप थांबते. उरलेल्यांचे थांबत नाही. मोठ्या माणसांत शंभरात सुमारे एक जण तोतरे बोलतो, असे जगभरचे अनुभव सांगतात. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार भरली होती. शेकडा एक या प्रमाणाने हिशेब केला तर वीस-पंचवीस हजार माणसे होतात. हा आकडा कोणी घरोघर जाऊन मोजलेला नाही, नुसता हिशेबाचा आहे. तरीपण त्यावरून प्रश्न केवढा आहे, त्याची कल्पना यावी. बायकांपेक्षा पुरुषांत हे प्रमाण जास्त असते. मोठ्या वयात साधारण चार पुरुषांमागे एक स्त्री.

हे होते कशामुळे? इथे आपल्याकडे उत्तरांना तोटा नाही. कोणी म्हणते, लहानपणी दचकला. कोणी म्हणते, शेजारच्या तोतऱ्या पोराची नक्कल करता करता सवय लागली. कोणी आईला दोष देते, कोणी जिभेखालच्या तारेला. मग वेखंड उगाळून चाटवतात, अक्कलकाऱ्याची पूड जिभेवर घासतात, नवस बोलतात. एवढ्यावर भागले तर मी म्हणेन ठीक आहे. परंतु काही ठिकाणी जिभेखालची तार कापून आणतात आणि मूल पूर्वीसारखेच अडखळत राहते. जीभ आखडलेली असेल तर काही अक्षरांच्या उच्चाराला अडचण येऊ शकते. तोतरेपणाचे ते कारण नव्हे. आज शास्त्राला जे ठाऊक आहे ते असे : बोलण्याची हालचाल ठरवणारी आणि तिचा मेळ घालणारी मेंदूतली जी यंत्रणा, तिच्या घडणीत आणि कामकाजात तोतरे बोलणाऱ्यांच्या बाबतीत थोडा फरक आढळतो. पुष्कळदा तो घराण्यातून येतो. २०१० मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी पाकिस्तानातील कुटुंबांचा अभ्यास करून काही जनुकांमधील बदलांचा तोतरेपणाशी संबंध दाखवून दिला. आईबापांच्या वागण्याने तोतरेपणा उत्पन्न होत नाही, बुद्धीशी त्याचा संबंध नाही आणि तो संसर्गाने लागत नाही. घरी लमाणी किंवा उर्दू आणि शाळेत मराठी, अशा दोन भाषांमुळेही तो येत नाही. भीती ही त्याचे कारण नसून त्याचे फळ आहे. आधी शब्द अडतो. मग लोक हसतात. मग शब्दाची भीती बसते. आणि भीतीने शब्द आणखी अडतो. रहाटगाडग्यासारखे हे चक्र चालू राहते.

ज्यांच्या वर्गात असे मूल असेल, त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली असेल. जो मुलगा एकट्याने धडा वाचताना पहिल्याच शब्दावर थबकतो, तोच सगळ्यांबरोबर पाढे म्हणताना किंवा प्रार्थनेत कुठेही अडत नाही. रात्री देवळात हरिपाठाला टाळ घेऊन उभा राहिला तर त्याचा आवाज खणखणीत लागतो. मग लोक म्हणतात, "बघा, येतंय की त्याला! मुद्दाम करतोय सोंग." सोंग नव्हे. एका सुरात, एका ठेक्यात, चारचौघांबरोबर बोलताना बाहेरून ताल मिळतो आणि वाचेचा ओघ सुरळीत वाहतो. एकट्याने बोलताना तो ताल ज्याचा त्याला आतून पुरवावा लागतो. सर्वांत कठीण असते स्वतःचे नाव सांगणे, कारण नावाला दुसरा शब्द घालता येत नाही. इतर ठिकाणी हा माणूस मोठा हिकमती असतो. 'पाणी' अडेल असे वाटले तर 'तहान लागली' म्हणेल. बीडच्या स्थानकावर एसटीत बसून केजला निघालेला प्रवासी 'केज' हा शब्द फुटत नाही म्हणून कंडक्टरकडे अंबाजोगाईचे तिकीट मागतो, जादा पैसे भरतो आणि केजला उतरतो. बाहेरच्याला यात काहीच दिसत नाही. लग्नातल्या उखाण्याचेही तसेच. नववधूला उखाणा पाठ असतो, यमक जुळलेले असते, आणि शेवटी नेमके नावच घ्यायचे असते!

तेव्हा तोतरेपणा हा शेतातल्या हराळीसारखा आहे. वर दोन पाती दिसतात आणि जमिनीखाली हातभर मुळ्यांचे जाळे पसरलेले असते. अडखळणारा शब्द ही पाती झाली. लाज, टाळाटाळ, उत्तर येत असून हात वर न करणे, सोयरिकीच्या बोलण्याला न जाणे, मुलाखतीचे पत्र आले तरी घरीच बसणे, या खालच्या मुळ्या. नुसती पाती खुरपून हराळी जात नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको. वाचोपचाराचे सारे शिक्षण या एका गोष्टीभोवती फिरते.

आता या विद्येची थोडी हकीकत सांगतो. इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज तोतरा होता, हे आपणांपैकी काहींना ठाऊक असेल. १९२६ पासून तो लायोनेल लोग नावाच्या एका ऑस्ट्रेलियन गृहस्थाकडे उपचार घेत असे. या लोगजवळ वैद्यकाची पदवी नव्हती. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या, वाचेवर परिणाम झालेल्या सैनिकांना मदत करता करता तो शिकला. ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध पुकारल्यावर राजाला रेडिओवरून सगळ्या साम्राज्याशी बोलावे लागले, तेव्हाही लोग त्याच्यासोबत होता. परंतु एका माणसाच्या हातचा गुण त्या माणसाबरोबर जातो. तो दुसऱ्याला शिकवता आला, तपासता आला, तरच त्याची विद्या होते. ब्रिटनमध्ये १९४५ मध्ये वाचोपचारकांची एक व्यावसायिक संस्था उभी राहिली आणि लोग तिच्या संस्थापकांपैकी एक होता, हे मला त्या सगळ्या कथेतले अधिक मोलाचे वाटते.

अमेरिकेत आयोवा विद्यापीठात १९२० च्या दशकापासून या विषयाचा अभ्यास सुरू झाला. तिथेच एक काळी गोष्टही घडली. १९३९ मध्ये एका अनाथालयातील २२ मुलांवर एक प्रयोग करण्यात आला. त्यांतल्या काही मुलांचे बोलणे चांगले असूनही त्यांना 'तुम्ही तोतरे होत आहात' असे सांगितले गेले आणि शब्दागणिक त्यांच्या चुका काढल्या गेल्या. ती मुले बोलायलाच कचरू लागली. पुढे कित्येक वर्षांनी, २००१ मध्ये, हे प्रकरण वर्तमानपत्रांतून उघडकीस आले. विद्यापीठाने माफी मागितली आणि २००७ मध्ये त्या राज्याला भरपाई द्यावी लागली. शब्दागणिक टोकले की मूल बोलणेच सोडते, हे समजायला आज कोणाला प्रयोगाची गरज नाही. वाचोपचार शिकणाऱ्याला ही गोष्ट सांगितली जाते ती एवढ्यासाठी की, त्याच्या हातात जी सत्ता येते तिचे भय त्याला वाटावे.

आपल्या देशात या शिक्षणाचा पाया १९६० च्या दशकात घातला गेला. १९६५ मध्ये मैसूरला अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था स्थापन झाली. मुंबईत नायर रुग्णालयाशी जोडलेल्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयातही त्याच दशकात हे शिक्षण सुरू झाले. १९८३ मध्ये मुंबईलाच वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था निघाली. पुण्यालाही भारती विद्यापीठात या विषयाचे शिक्षण मिळते. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेला अधिकार मिळाले. आता या परिषदेच्या नोंदवहीत नाव असल्याखेरीज कोणी हा व्यवसाय करू नये, असा नियम आहे. म्हणून 'आठ दिवसांत तोतरेपणा मुळासकट गायब' अशी जाहिरात दिसली, तर आधी त्या माणसाची नोंदणी विचारावी. खरा जाणकार असे वचन कधी देत नाही.

बारावीला विज्ञान घेतलेल्या मुलामुलींना या पदवीला जाता येते. एकूण चार वर्षे. त्यांपैकी शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे. श्वास कसा चालतो, स्वरयंत्रातल्या पडद्या कशा कंप पावतात, जीभ आणि टाळू कुठे भेटतात, कान कसा ऐकतो, हे सारे त्यांना शिकावे लागते. ध्वनिशास्त्र, भाषाशास्त्र, मानसशास्त्र हेही असते. श्रवण आणि वाचा हे दोन्ही विषय एकाच पदवीत येतात, म्हणून बहिऱ्या मुलांचे, अर्धांगाने वाचा गेलेल्यांचे, टाळू फाटलेल्या बाळांचे कामही हाच माणूस करतो. त्या सगळ्यांत तोतरेपणाचे प्रकरण अवघड मानले जाते, आणि त्याला कारणही तसेच आहे. तोतरेपणा एकाच माणसात सकाळी निराळा, संध्याकाळी निराळा असतो. उपचाराच्या खोलीत गडी सुरेख बोलतो आणि बाहेर पडून पानाच्या टपरीवर जाताच अडतो.

म्हणून पहिला धडा ऐकण्याचा. विद्यार्थी बोलणे ध्वनिमुद्रित करतो आणि शंभर अक्षरांमागे किती ठिकाणी ओघ तुटला, किती वेळ तुटला, ते मोजतो. दोन विद्यार्थी एकच मुद्रण वेगवेगळे मोजतात आणि मग आकडे ताडून पाहतात. आरंभी दोघांचे आकडे जुळत नाहीत. जुळू लागले की समजावे, कान तयार होतोय. याच वेळी त्याला लहान मुलाचे साधे अडखळणे ओळखायलाही शिकावे लागते. तीन वर्षांचे पोर "मला मला मला बी यायचंय" म्हणते, ते बहुतेक वेळा वाढीचाच भाग असते. तेच पोर "म-म-म-मला" म्हणताना ओठ आवळू लागले, पाय आपटू लागले किंवा "मला नाही बोलता येत" म्हणू लागले, तर थांबून चालत नाही.

दुसरा धडा अधिक कठीण. चार्ल्स व्हॅन रायपर हे अमेरिकेतले या विषयाचे मोठे आचार्य. ते स्वतःच तोतरे होते. १९३६ मध्ये त्यांनी कलामाझू या गावी आपले उपचारकेंद्र काढले. आपल्या विद्यार्थ्यांना ते बाजारात पाठवीत आणि अनोळखी माणसांशी मुद्दाम तोतरे बोलायला लावीत. अजूनही कित्येक ठिकाणी ही रीत आहे. कल्पना करा, एखादी हुशार, फाडफाड बोलणारी विद्यार्थिनी भाजीवाल्यापुढे उभी आहे आणि "ट-ट-टमाटे क-कसे दिले?" असे विचारते आहे. दुकानदार नजर चुकवतो. मागचा गिऱ्हाईक हसतो. कोणी तिचे वाक्य पुरे करून टाकतो. पाच मिनिटांत तिला घाम फुटतो. तोतरेपणावरच्या पुस्तकांत जे मिळणार नाही ते तिला त्या पाच मिनिटांत मिळते. आणि आपल्याला हे सोडून घरी जाता येते, आपल्यासमोर बसणाऱ्या पोराला ते येत नाही, हेही तिला त्याच वेळी कळते.

तिसरा धडा उपचाराचा. तो वयाप्रमाणे बदलतो. सहा वर्षांच्या आतल्या मुलाचा उपचार बव्हंशी आईबापांच्या हातून करून घ्यावा लागतो. ऑस्ट्रेलियात सिडनीला तयार झालेली 'लिडकम्' नावाची पद्धत यासाठी प्रसिद्ध आहे. तीत आई रोज थोडा वेळ मुलाशी खेळते, तो सुरळीत बोलला की कौतुक करते, आणि तज्ज्ञ आठवड्याला एकदा तिला पुढची दिशा दाखवतो. लहान वयात सुरुवात झाली तर गुण येण्याची आशा पुष्कळ असते. मोठ्या मुलाला आणि प्रौढाला शब्दाची सुरुवात हलक्या हाताने करायला शिकवतात, श्वास आणि आवाज यांचा मेळ घालायला शिकवतात. शब्द अडलाच तर जोर न लावता, तिथेच थोडे सैल होऊन, त्यातून हळूच बाहेर कसे यावे, हे दाखवतात. चिखलात रुतलेल्या गाडीला नुसते चाबूक मारून उपयोग नसतो, तसे हे आहे. त्याबरोबरच मुळ्यांकडेही वळावे लागते. जे टाळत आलास ते एकेक करून कर. आज कंडक्टरला खऱ्या गावाचे नाव सांग. अडखळलास तरी चालेल, पण खरे गाव सांग. प्रौढ माणसाचा तोतरेपणा अनेकदा पूर्णपणे जात नाही. पण तो अडखळत का होईना, मनातले सगळे बोलू लागतो आणि त्याची वाट मोकळी होते. यशाची ही व्याख्या विद्यार्थ्याच्या गळी उतरवणे, हेच या शिक्षणातले अवघड काम आहे.

श्रोतेहो, इथवर जे सांगितले ते मुंबई-मैसूरच्या वर्गात शिकता येते. आपल्या मुलखासाठी मात्र आणखी तीन गोष्टी शिकाव्या लागतील, असे मला वाटते.

पहिली गोष्ट भाषेची. या विषयाची पाठ्यपुस्तके बहुतेक इंग्रजीत आहेत. विद्यार्थी शब्द इंग्रजीत शिकतो आणि समोर बसलेली आजी म्हणते, "त्याचं बोलणं तटतंय, बाबा." हे 'तटणं' म्हणजेच त्याच्या पुस्तकातला अडथळा, हे त्याला लगेच कळले पाहिजे. मूल 'काहून', 'लई', 'व्हय' म्हणत असेल तर ती त्याची भाषा आहे. तिथे दुरुस्तीला हात घालू नये. तांड्यावरच्या पोराशी त्याच्या बोलीत दोन शब्द बोलता आले तर पहिल्याच दिवशी अर्धे काम होते. मुकुंदराजांची समाधी आणि दासोपंतांचे वास्तव्य ज्या अंबाजोगाईला लाभले, त्या मातीत मराठी ओवी रुजली. तिथल्या मुलाने आपले बोलणे परक्या भाषेच्या मापाने मोजून घ्यावे, हे बरे नव्हे. वाचनाचे उतारे, मोजणीच्या याद्या, आईसाठी सूचना, हे सारे मराठीत आणि बोलीच्या जवळ असले पाहिजे.

दुसरी गोष्ट ऊसतोडीची. दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातली गावेच्या गावे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. उपचार म्हणजे आठवड्याला एक फेरी, सहा महिने, असा हिशेब पुस्तकात असतो. तो इथे चालणार नाही. ऑक्टोबरात मूल हळूहळू मोकळे बोलू लागते आणि त्याच महिन्यात ते उसाच्या फडात नाहीतर हंगामी वसतिगृहात जाते. तेव्हा इथल्या तज्ज्ञाने आपले पंचांग निराळे मांडावे. जून ते सप्टेंबर या काळात जवळजवळ भेटी ठेवाव्यात. आईबाप जाणार असतील तर मागे राहणाऱ्या आजी-आजोबांना आणि वसतिगृहाच्या बाईंना रीत शिकवावी. हिवाळ्यात मोबाइलवरून समोरासमोर पाहून बोलता येते. अशा दूरच्या उपचाराचाही उपयोग होतो, असे परदेशांतल्या अभ्यासांत आढळून आले आहे. कोपीत दिवा लागल्यावरचा अर्धा तास, आठवड्यातून एकदा, एवढे पुरे.

तिसरी गोष्ट शिक्षकाला सोबत घेण्याची. तज्ज्ञ आठवड्यातून एकदा भेटेल. गुरुजी आणि बाई रोज भेटतात. म्हणून वाचोपचार शिकणाऱ्याने शाळेत जाऊन बसले पाहिजे, आणि शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमात या विषयाचे निदान काही तास असले पाहिजेत.

तोवर शिक्षक बंधुभगिनींनी काय करावे? अगदी साध्या गोष्टी आहेत. मूल अडले तर त्याच्याकडे शांतपणे पाहत राहा, त्याचा शब्द आपण पुरा करू नका. 'सावकाश बोल', 'श्वास घे', 'घाबरू नको' हे उपदेश मायेने केलेले असले तरी त्याला एवढेच सांगतात की, तुझे बोलणे चुकते आहे. त्याऐवजी आपणच जरा सावकाश बोला. हजेरीला हात वर केला तरी चालेल, असा नियम सगळ्या वर्गाला लावा, त्याला एकट्याला नको. वाचन जोडीने घ्या. तोंडी परीक्षेत वेळ मोकळा ठेवा. उत्तराची पाळी आली असता त्याला वगळू नका. वगळणे ही दया वाटते; मुलाला ती शिक्षा वाटते. एखाद्या दिवशी सुट्टीत त्याला बाजूला घेऊन विचारा, "वर्गात मी काय केलं तर तुला सोपं जाईल?" या प्रश्नाचे उत्तर त्याच्याइतके चांगले कोणालाच ठाऊक नसते. आणि 'तोतऱ्या' ही हाक वर्गात ऐकू आली तर तिथल्या तिथे थांबवा.

माझ्या महाविद्यालयात एक विद्यार्थिनी होती. तिचे निबंध मी दुसऱ्या वर्गांना वाचून दाखवीत असे. तोंडी परीक्षेच्या दिवशी ती गैरहजर राही. मैत्रिणीकडून कारण कळल्यावर तिला मी म्हटले, "तुला हवा तेवढा वेळ घे, आणि मध्ये कोणी बोलणार नाही." दहा मिनिटांच्या परीक्षेला पंचवीस मिनिटे लागली. त्या पंचवीस मिनिटांत मला जनाबाईंच्या अभंगांविषयी जे ऐकायला मिळाले, ते अस्खलित बोलणाऱ्यांकडून क्वचितच मिळते. बाहेर जाताना ती म्हणाली, "सर, पहिल्यांदाच माझं वाक्य मी पुरं केलं." मी काही उपचार केला नव्हता. पंधरा मिनिटे जादा दिली होती. मनात विचार येतो तो हा की, पाचवीत असताना तिला एखादा जाणकार भेटला असता तर?

असा जाणकार शोधायचा कुठे, हे आता सांगतो. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. तपासणीच्या दिवशी अशा मुलाचे नाव आपण होऊन पुढे करा, कारण पथकापुढे गप्प उभे राहिलेले मूल नुसते लाजाळू वाटून निसटून जाते. या कार्यक्रमात जिल्ह्याच्या ठिकाणी मुलांसाठी जे केंद्र योजलेले आहे, त्यात श्रवण आणि वाचा यांच्या जाणकाराचे पद धरलेले आहे. ते पद भरलेले आहे की नाही, याची विचारपूस ग्रामपंचायतीने आणि शाळा व्यवस्थापन समितीने करावी. नसेल तर मागणी करावी. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करता येईल. मोठ्या माणसांसाठी शहरांतून तोतरे बोलणाऱ्यांचे स्वतःचे मदतगटही चालतात. तिथे कोणी कोणाला हसत नाही, हाच तिथला पहिला उपचार. दरवर्षी २२ ऑक्टोबर हा दिवस जगभर तोतरेपणाच्या जाणिवेचा दिवस म्हणून पाळतात. शाळेच्या परिपाठात त्या दिवशी या विषयावर पाच मिनिटे बोलता येईल.

परंतु शेवटी माणसे इथलीच तयार झाली पाहिजेत. बाहेरून आलेला तज्ज्ञ बदलीची वाट पाहतो. आपल्या पाटोद्याची, धारूरची, शिरूरची मुलगी हे शिकून आली तर ती इथली बोली घेऊन येईल, इथले पंचांग घेऊन येईल. बारावी विज्ञानाच्या वर्गात डॉक्टर-इंजिनिअर या दोनच शब्दांचा जप चालतो. तिथल्या शिक्षकांना माझी विनंती आहे, की या तिसऱ्या वाटेचे नाव एकदा फळ्यावर लिहा. आणि ही वाट फक्त तडफदार वक्त्यांची आहे असे सांगू नका. या विद्येचे काही थोर आचार्य स्वतः अडखळतच बोलत होते. ज्याला शब्दाची किंमत मोजून द्यावी लागली आहे, तो दुसऱ्याचा शब्द कधी मध्येच तोडत नाही. असा एखादा मुलगा आपल्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलेला असेल. त्याला आज रुग्ण म्हणून पाठवायचे असेल तर जरूर पाठवा. पण उद्या त्याच खोलीत टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर तो बसू शकेल, हेही त्याच्या कानावर घाला.